बोलीच्या संकेतस्थळांवरून मिळणारे काम: व्यवहार, हिशेब आणि सावधगिरी

किनाऱ्याला होडी लागली, की मासळीच्या टोपल्यांभोवती बोली सुरू होते. एकाने आकडा पुकारला की दुसरा त्यावर चढतो आणि ज्याचा आकडा सर्वांत मोठा, त्याच्या नावावर टोपली जाते. हा लिलाव आपल्या परिचयाचा आहे. गेल्या पंचवीस वर्षांत संगणकाच्या महाजालावर एक निराळा लिलाव मांडला गेला आहे. तेथे विकावयास माल नसतो, माणसाचे श्रम असतात, आणि बोली चढण्याऐवजी बहुधा उतरत जाते. दूरदेशीचा एखादा दुकानदार, वकील किंवा प्रकाशक आपले काम जाहीर करतो आणि जगभरातील माणसे 'हे काम मी इतक्या दिवसांत, इतक्या पैशांत करून देतो' असे त्याला कळवितात. त्यांतील एकाची निवड होते. काम पाठविले जाते ते महाजालावरून आणि मोबदलाही त्याच मार्गाने येतो.

पदवी हाती असून मनाजोगी नोकरी न मिळालेले तरुण, मुलांच्या संगोपनासाठी नोकरी सोडलेल्या भगिनी, बँकेतून वा कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ अशा अनेकांच्या कानावर या संकेतस्थळांची नावे आलेली असतात. सोबत दोन प्रकारच्या वार्ताही येतात. एक म्हणते, 'घरबसल्या महिन्याला पन्नास हजार मिळतात'. दुसरी म्हणते, 'ते सगळे फसवणुकीचे धंदे आहेत.' आमच्या मते दोन्ही वार्ता व्यवहार न समजल्यामुळे पसरतात. म्हणून हा व्यवहार कसा चालतो, त्यात पैसा कोठे मुरतो आणि लबाडी कोठून शिरते, हे येथे जरा विस्ताराने सांगत आहोत.

या कल्पनेचे मूळ शोधू गेल्यास १९९८ सालापर्यंत मागे जावे लागते. टॉमस मॅलोन व रॉबर्ट लॉबाकर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी त्या वर्षी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकात एक लेख लिहिला. मोठ्या कंपन्यांतील कायमच्या नोकऱ्यांची जागा हळूहळू महाजालाने जोडलेले स्वतंत्र कामकरी घेतील, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा कामकऱ्यांसाठी त्यांनी वापरलेल्या शब्दावरूनच 'इलान्स' या संकेतस्थळाचे नामकरण झाले. इलान्सच्या संस्थापकांपैकी बीरुद शेठ हे आपल्या पवईच्या आयआयटीचे पदवीधर होत. २००१ साली संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी 'रेंट अ कोडर' निघाले. २००३ साली 'ओडेस्क' स्थापन झाले. त्याचे संस्थापक दोन ग्रीक मित्र होते. एक अमेरिकेत, दुसरा ग्रीसमध्ये. दूर राहूनही एकत्र काम कसे करावे, या त्यांच्या अडचणीतून ते संकेतस्थळ जन्मले. पुढे इलान्स व ओडेस्क एकत्र झाले आणि २०१५ साली त्यांना 'अपवर्क' हे नाव मिळाले. 'फ्रीलान्सर डॉट कॉम' ही ऑस्ट्रेलियातील कंपनी २००९ पासून जुनी संकेतस्थळे विकत घेत वाढली. रेंट अ कोडरही अखेर तिच्यातच विलीन झाले. 'फायव्हर' २०१० साली इस्राएलमध्ये निघाले. त्याची रीत मुळात उलटी: तेथे काम करणारा आपले दुकान मांडून बसतो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे येते. 'गुरू डॉट कॉम' व 'पीपल पर अवर' हीही याच कुळातील.

या बाजारात भारतीयांची गर्दी मोठी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली केलेल्या मोजणीत अशा संकेतस्थळांवर काम करणाऱ्यांपैकी सुमारे चोवीस टक्के लोक भारतातील असल्याचे आढळले होते. बांगलादेशचा क्रमांक दुसरा होता, अमेरिकेचा तिसरा. म्हणजे वसईतील वा वेंगुर्ल्यातील एखादी मुलगी बोली लावते, तेव्हा तिची स्पर्धा परदेशातील महागड्या कामकऱ्यांशी थोडी आणि इंदूर, ढाका, लाहोर, मनिला येथील तिच्यासारख्याच मुलींशी अधिक असते.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. अपवर्कचे उदाहरण घेतो, कारण इतरत्रही थोड्याफार फरकाने हाच क्रम असतो. अठरा वर्षे पूर्ण झालेली कोणीही व्यक्ती आपल्या खऱ्या नावाने खाते उघडू शकते. ओळखपत्र द्यावे लागते. पुष्कळदा कॅमेऱ्यासमोर चेहराही दाखवावा लागतो. खात्यात आपले शिक्षण, कौशल्य व केलेल्या कामाचे नमुने मांडावयाचे असतात. त्यानंतर जाहीर झालेली कामे वाचून ज्या कामासाठी आपण योग्य आहोत असे वाटते, त्यावर प्रस्ताव पाठवायचा. या प्रस्तावासच बोली म्हणतात. बोली फुकट नसते. त्यासाठी 'कनेक्ट्स' नावाची टोकने खर्ची पडतात. थोडी टोकने संकेतस्थळ देते, पुढची विकत घ्यावी लागतात. एका टोकनाची किंमत पंधरा सेंट, आणि एका कामासाठी किती टोकने लागतील ते कामागणिक ठरते.

निवड झाली की करार दोन प्रकारांनी होतो. पहिल्या प्रकारात संपूर्ण कामाची रक्कम ठरते. काम देणारा ती रक्कम, किंवा कामाच्या पहिल्या टप्प्याची रक्कम, संकेतस्थळाकडे ठेव म्हणून जमा करतो. या ठेवीला एस्क्रो म्हणतात. गावात जमिनीचा सौदा होताना इसारा दोघांच्या विश्वासातील तिऱ्हाइताकडे ठेवावा, तसेच हे. काम पूर्ण होऊन पसंत पडले की रक्कम मोकळी होते. येथे नवख्या माणसाने एक गोष्ट गाठीशी बांधावी: खात्यावर ठेव जमा झालेली दिसेपर्यंत कामास हात लावू नये. 'तुम्ही सुरुवात करा, पैसे उद्या भरतो,' असे सांगणारा मनुष्य सज्जन असेलही, परंतु तो सज्जन नसेल तर संकेतस्थळ आपल्याला काहीही मिळवून देऊ शकत नाही. पूर्ण झालेले कामही संकेतस्थळावरील ठरलेले बटण दाबूनच सुपूर्त करावे. तसे केल्यास काम देणाऱ्याने चौदा दिवसांत काहीच उत्तर दिले नाही तरी रक्कम आपोआप मोकळी होते. काम नुसते ईमेलने पाठविले तर हे चौदा दिवस मोजलेच जात नाहीत. अनेकांचे पैसे इतक्या लहानशा कारणाने अडकून पडतात.

दुसरा प्रकार ताशी मोबदल्याचा. यात संगणकावर एक आज्ञावली बसवावी लागते. ती तासाला सहा वेळा आपल्या पडद्याचे छायाचित्र टिपते आणि ते काम देणाऱ्यास दिसते. कित्येकांना हे अपमानास्पद वाटते आणि ते वाटणे आम्हांस समजते. कारखान्यातला मुकादमदेखील दर दहा मिनिटांनी पाठीमागे येऊन उभा राहत नाही. परंतु याच छायाचित्रांच्या आधारावर संकेतस्थळ तासांच्या मोबदल्याची हमी देते, हेही खरे. अशा वेळी पडद्यावर बँकेचे खाते किंवा घरगुती पत्रव्यवहार उघडा ठेवू नये. नको ते छायाचित्र पुसून टाकता येते, मात्र त्यासोबत त्या दहा मिनिटांची मजुरीही पुसली जाते.

आता या लेखातील मुख्य मुद्द्याकडे येतो. बोली म्हटले की स्वस्तात स्वस्त आकडा लावणाऱ्यास काम मिळत असणार, अशी नवख्याची समजूत असते. सरकारी निविदा आपण पाहिलेल्या असतात, त्यावरून ती होते. काम देणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिले म्हणजे ही समजूत गळून पडते.

समजा, इंग्लंडमधील एका लहान बेकरीच्या मालकिणीला आपल्या तीन वर्षांच्या पावत्या व देयके हिशेबाच्या आज्ञावलीत व्यवस्थित नोंदवून हवी आहेत. ती रात्री दुकान बंद करून काम जाहीर करते. सकाळपर्यंत तिच्यापुढे चाळीस प्रस्ताव येतात. त्यांतील तीस 'आदरणीय महोदय' असे सुरू होतात. पुढे 'मी आपली जाहिरात काळजीपूर्वक वाचली आहे. मी मेहनती, प्रामाणिक व वक्तशीर असून मला दहा वर्षांचा अनुभव आहे. कृपया एक संधी द्यावी' अशी ओळ असते. ज्याने जाहिरात काळजीपूर्वक वाचली, त्याला जाहिरात देणारी स्त्री आहे हेही कळले नाही! हे पत्र आपल्याकडे नोकरीच्या अर्जासाठी शाळेत शिकविले जाते. तेच नकलून शेकडो ठिकाणी पाठविले जाते. बेकरीवालीला यादीत प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात. त्या सारख्या असल्या की ती पुढचे उघडूनही पाहत नाही.

एकतिसावा प्रस्ताव असा असतो: 'तुमच्या पावत्यांपैकी काही हाताने लिहिलेल्या आहेत असे तुम्ही म्हटले आहे. त्यांवर तारीख नसेल तर मी त्या वेगळ्या काढून आठवड्यातून एकदा तुम्हांला विचारीन, मनाने तारीख घालणार नाही. पहिल्या महिन्याच्या पावत्या मी करून दाखवितो. त्या पाहून पुढचे ठरवा.' या माणसाचा आकडा इतरांहून दीडपट असला तरी ती त्याच्याशी बोलेल, असे आम्ही खात्रीने म्हणू. तिला भीती पैशाची नसते. अनोळखी देशातील अनोळखी माणसाच्या हाती आपले हिशेब द्यायचे, तो मध्येच नाहीसा झाला तर काय, चुका करून ठेवल्या तर त्या कोण निस्तरणार, ही तिची खरी चिंता असते. प्रस्ताव लिहिणारा ती चिंता दूर करू शकला तर त्याने बोली जिंकली. शंभरऐवजी साठ डॉलर मागितल्याने ती दूर होत नाही, उलट वाढते.

स्वस्त बोलीची दुसरी बाजू हिशेबाची आहे आणि ती कागदावर मांडल्यावाचून ध्यानात येत नाही. एक नमुन्यादाखल हिशेब करू. कोणी शंभर डॉलरचे काम मिळविले. संकेतस्थळाचे शुल्क दहा टक्के धरू. म्हणजे दहा डॉलर गेले. हे एक काम मिळविण्यासाठी त्याला वीस बोली लावाव्या लागल्या आणि प्रत्येकीस दहा टोकने लागली असे मानू. एका बोलीचे दीड डॉलर, वीस बोलींचे तीस. उरले साठ. कामास तीस तास लागले. परंतु वीस प्रस्ताव लिहिण्यास प्रत्येकी अर्ध्या तासाप्रमाणे आणखी दहा तास गेले होते, ते कोण मोजणार? साठ डॉलरला चाळीस तासांनी भागिले असता ताशी दीड डॉलर येतो. यातून अजून पैसे भारतात आणण्याचा खर्च, वीज व महाजालाचे देयक वजा व्हायचे आहे. कामाची किंमत शंभरऐवजी साठ लावली असती, तर शुल्क आणि टोकने जाऊन हाती चोवीस डॉलर, म्हणजे तासाला साठ सेंट राहिले असते. या हिशेबातील आकडे गृहीत धरलेले आहेत, तथापि भागाकार असाच करावयाचा असतो. पहिल्या एकदोन कामांपुरती किंमत थोडी कमी ठेवावी, हे ठीक. तीच सवय झाली की मनुष्य रात्रंदिवस राबून नाक्यावरील बिगाऱ्यापेक्षा कमी कमावू लागतो आणि घरच्यांना वाटते, मुलगा परदेशी कंपनीसाठी काम करतो आहे.

शुल्काचे दर संकेतस्थळागणिक वेगळे आहेत व बदलतही राहतात. अपवर्कने २०१६ साली वीस, दहा व पाच टक्के अशा पायऱ्या ठेवल्या होत्या. २०२३ साली सरसकट दहा टक्के केले आणि मे २०२५ पासून नव्या करारांवर शून्य ते पंधरा टक्क्यांपर्यंत कामानुसार शुल्क लावावयास आरंभ केला. फायव्हर वीस टक्के घेते. फ्रीलान्सर डॉट कॉमवर ठरीव रकमेच्या कामात दहा टक्के किंवा पाच डॉलर यांपैकी जे अधिक ते द्यावे लागते, आणि ते काम स्वीकारताच कापले जाते, मोबदला हाती येईपर्यंत थांबत नाही. बोलीचा आकडा लिहिण्यापूर्वी त्या दिवशीचा दर पाहून घ्यावा.

मजुरीच्या या घसरणीचा प्रश्न नवा नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात, मजुराने गरजेपोटी संमती दिली एवढ्यावरून मजुरी न्याय्य ठरत नाही, काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह त्या मजुरीत झाला पाहिजे, असा विचार मांडला होता. त्या काळी गिरणीच्या फाटकापाशी माणसे उभी असत. आता ती पडद्यापाशी बसलेली असतात, इतकाच फरक.

मग कोणत्या प्रकारचे काम धरावे? 'डेटा एंट्री' हा शब्द आपल्याकडे मंत्रासारखा जपला जातो आणि नेमके तेच काम सर्वांत गर्दीचे व सर्वांत कमी पैशाचे आहे. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून साधे लेखन, साधे भाषांतर, जाहिरातीचा मजकूर अशी कामे यंत्राकडे वळू लागली आहेत. लेखनाच्या कामांची मागणी व मोबदला या संकेतस्थळांवर घटल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. याउलट ज्या कामात विशिष्ट क्षेत्राची माहिती लागते, तेथे माणसाला अद्याप मान आहे. आपल्याकडील वाणिज्य शाखेच्या पदवीधराने टॅलीसोबत परदेशात वापरल्या जाणाऱ्या क्विकबुक्स किंवा झेरो या हिशेबी आज्ञावली शिकून घेतल्या, तर तो बेकरीवालीच्या उपयोगी पडतो. आयटीआय वा डिप्लोमा केलेल्यास ऑटोकॅडवरील आराखड्यांची कामे करता येतात. विमा कंपनीत वीस वर्षे दावे तपासलेल्या निवृत्त गृहस्थांजवळ असे ज्ञान असते, जे तेवीस वर्षांच्या स्पर्धकाजवळ असूच शकत नाही. मराठी व कोंकणी या आपल्या भाषाही उपयोगी आहेत: ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढणे, चित्रफितींची उपशीर्षके, यंत्राने केलेल्या भाषांतराची तपासणी ही कामे कमी असतात, परंतु त्यांसाठी ढाका-मनिलाची स्पर्धाही नसते.

वेळेचाही विचार अगोदर करावा. न्यूयॉर्क आपल्याहून उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. तेथील गिऱ्हाइकाशी बोलायचे तर आपली रात्र द्यावी लागते. इंग्लंडची सकाळ आपल्या दुपारी दीड-अडीचला सुरू होते. सिडनी आपल्या पुढे साडेचार ते साडेपाच तास, म्हणजे तेथील कार्यालये बंद होतात तेव्हा आपल्याकडे जेवणाची वेळ झालेली असते. शाळेत जाणारी मुले असलेल्या मातेला अमेरिकेपेक्षा इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलिया सोयीचे. ही साधी गोष्ट न पाहता काम घेतलेल्यांची झोप व प्रकृती दोन्ही बिघडलेली आम्ही पाहिली आहेत.

आता फसवणुकीविषयी. 'काम मिळविण्यासाठी कधीही पैसे देऊ नयेत' हा जुना उपदेश चांगला आहे, परंतु येथे तो जरा सुधारून घ्यावा लागतो, कारण वर सांगितल्याप्रमाणे अधिकृत संकेतस्थळेच टोकनांचे पैसे घेतात. नेमका नियम असा: पैसे द्यायचे झाले तर ते संकेतस्थळाला, संकेतस्थळावरच, जाहीर केलेल्या दराने. काम देणाऱ्या व्यक्तीला एक रुपयाही कधी द्यायचा नाही. नोंदणी शुल्क, अनामत रक्कम, प्रशिक्षणाचे साहित्य, सॉफ्टवेअरचा परवाना, करार मुद्रांकित करण्याचा खर्च, नाव काहीही असो, काम देणाराच पैसे मागू लागला की तेथे काम नाही असे समजावे.

एक प्रकार विशेष दुष्ट आहे. तरुणास काही शे पाने टंकलेखनासाठी दिली जातात, एक 'करार' ऑनलाइन मान्य करून घेतला जातो आणि मुदत व अचूकतेची अट अशी ठेवलेली असते की ती कोणालाच पाळता येऊ नये. आठवड्याने 'वकिला'चा दूरध्वनी येतो: तुम्ही करारभंग केला आहे, दावा दाखल होत आहे, इतके हजार भरा, नाही तर पोलीस घरी येतील. घाबरून मुले घरात न सांगता पैसे भरतात, कोणी दागिना गहाण ठेवतो. अशा धमकीस कायद्याचा काहीही आधार नसतो. मुदतीत टंकलेखन झाले नाही म्हणून पोलीस कोणास अटक करीत नाहीत. असा दूरध्वनी आल्यास पैसे भरू नयेत, संदेश जपून ठेवावेत आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्याच दिवशी सांगावे. वडीलधाऱ्यांनीही प्रथम रागे भरू नये, कारण त्या रागाच्या भीतीवरच या टोळ्या जगतात.

दुसरा प्रकार टेलिग्राम वा व्हॉट्सॲपवरील 'टास्क'चा. चित्रफितींना पसंती द्या, हॉटेलांना तारे द्या, असे सांगून पहिले दीडदोनशे रुपये खरोखरच खात्यात येतात. नंतर 'मोठ्या टास्क'साठी आधी पैसे भरावयास सांगतात आणि ते काढावयाचे म्हटले की आणखी भरण्याची अट येते. तिसरा प्रकार खाते भाड्याने मागण्याचा: 'तुमचे अपवर्कचे खाते आम्हांला वापरू द्या, दरमहा भाडे देऊ.' खाते तुमच्या नावाचे, ओळखपत्र तुमचे. त्यावरून कोणी परदेशी गिऱ्हाइकास लुबाडले तर चौकशीही तुमचीच. कामाचा नमुना म्हणून पाठविलेली संशयास्पद फाइल उघडताच संगणकातील परवलीचे शब्द चोरीला जाणे, हा आणखी एक. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळविल्यास बँकांना रक्कम वाटेतच रोखता येण्याची शक्यता असते.

मिळालेले डॉलर भारतात आणण्याचे मार्ग सरळ आहेत. बहुतेक संकेतस्थळे थेट बँक खात्यात रक्कम पाठवितात. पेओनिअर व पेपाल हेही पर्याय आहेत. पेपालने एप्रिल २०२१ पासून भारतांतर्गत व्यवहार बंद केले, परदेशातून येणाऱ्या रकमा मात्र त्यावरून स्वीकारता येतात. अमेरिकन संकेतस्थळे आपण अमेरिकेचे करदाते नसल्याचे एक प्रपत्र भरून घेतात, त्याला घाबरण्याचे कारण नाही. घाबरायचे तर दुसऱ्या एका समजुतीला घाबरावे: परदेशातून आलेल्या पैशावर कर नसतो ही ती समजूत. भारतात राहून केलेल्या कामाचा मोबदला हे आपले व्यावसायिक उत्पन्न होय आणि ते विवरणपत्रात दाखवावेच लागते. कायद्याने नेमलेल्या काही व्यवसायांना मिळकतीच्या निम्मी रक्कम नफा मानून कर भरण्याची सवलत आहे; आपले काम त्यात बसते का, ते कर-सल्लागारास विचारावे. वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सेवा देणाऱ्यास जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. प्रत्येक रकमेमागे बँकेकडून मिळणारे परकीय चलनाचे पत्र एका फाइलीत लावून ठेवावे. या मंडळींजवळ पगाराची चिठ्ठी नसते. पुढे घरासाठी कर्ज मागण्याची वेळ आली म्हणजे बँक मागील वर्षांची विवरणपत्रेच मागते, आणि कर वाचविला म्हणून खूश असलेला मनुष्य तेथे रिकाम्या हातांनी उभा राहतो. भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची रजा, आरोग्य विमा यांपैकी काहीही या कामासोबत येत नाही. ते आपल्याच कमाईतून उभे करावयाचे आहे, म्हणून त्याचीही भर बोलीच्या आकड्यात धरावी.

एक काम पूर्ण झाले की दोन्ही बाजूंना परस्परांविषयी अभिप्राय लिहिण्यास चौदा दिवस मिळतात. या बाजारात तो अभिप्राय हीच पत. पहिला चांगला अभिप्राय मिळविण्यास महिनेही लागू शकतात. दुसरा लवकर येतो. वादाची वेळ आली तर ताठर उत्तर लिहिण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी, कारण लिहिलेले सर्वांना दिसते व टिकते. जे टिकून राहतात, त्यांची पुढील कामे पुष्कळदा जुन्या गिऱ्हाइकांकडूनच येऊ लागतात. अशा वेळी गिऱ्हाईक म्हणते, 'संकेतस्थळाचे शुल्क कशाला भरायचे, आपण थेट व्यवहार करू.' मोह मोठा असतो. परंतु अपवर्कच्या नियमानुसार तेथे ओळख झालेल्या गिऱ्हाइकाशी पहिली दोन वर्षे संकेतस्थळावरूनच व्यवहार करावा लागतो किंवा बाहेर पडण्याचे वेगळे शुल्क भरावे लागते. नियम मोडल्यास खाते बंद होते आणि त्यासोबत जमविलेले सर्व अभिप्रायही जातात. दोन वर्षे उलटल्यानंतर मात्र दोघेही मोकळे असतात. त्या दिवसासाठी स्वतंत्र करारपत्राचा एक मसुदा आधीच तयार करून ठेवलेला बरा.